माझ्या वाटच्या प्रदक्षिणा

मला देवाधर्माचं कुणी सांगायला येऊ नका. लाख प्रदक्षिणांचं व्रत मी धरलं होतं ते देवासाठी नव्हतं, झोपेसाठी होतं. हे मी भरल्या पंगतीसमोर बोलून दाखवलं म्हणून संगमनेरात अजून बायका माझ्याकडे बोट दाखवतात. दाखवू देत मेल्यांना. त्यांतल्या निम्म्या जणी स्वतः उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडलेल्या असतात. विचारा त्यांना, खोटं बोलत असेन तर.

मी मथुरा. गावात मला मथुकाकू म्हणतात. वय बासष्ट. माझा एकुलता एक मुलगा शामकांत इथल्या कोर्टात वकील आहे. गुणी आहे हो, अगदी गुणी. विडी नाही, तंबाखू नाही, आईशी कधी चढा आवाज नाही. लोक म्हणतात, मुलगा असावा तर असा. आणि या असाव्या तशा मुलाने मला हात जोडून, पाया पडून, हळूहळू मारायला घेतलं होतं. त्याला वाटत होतं की तो माझी सेवा करतोय.

चार वर्षांपूर्वी, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा, आम्ही भाड्याच्या दोन खोल्या सोडून या नव्या घरात आलो. तोवर पहाटेचं दळण माझं, विहिरीचं पाणी माझं, नदीवरचं धुणं माझं. सून इंदू हाताखाली असायची, पण कामाला जोर लागायचा तिथे मीच. नव्या घरात पाऊल ठेवलं त्या दिवशी शामकांत म्हणाला, "आई, फार केलंस आयुष्यभर. आता तू कशाला हात लावायचा नाहीस. नुसतं बसायचं." पाण्याला गडी आला. दळण गिरणीत जायला लागलं. स्वयंपाकाला बाई आल्या. आणि माझ्यासाठी नगरहून वेताची आरामखुर्ची आली.

खोटं कशाला बोलू, पहिला महिना मला बरं वाटलं. खुर्चीत बसून मी शेजारणींना हाका मारायची, त्यांनी बघावं म्हणून. मग झोप गेली. आधी पहाटेची गेली, मग मध्यरात्रीची, आणि पुढे पुढे तर अंथरुणावर पडायचं तेच मुळी भीतीने. शेजारच्या खोलीत मुलगा-सून घोरताहेत आणि मी त्यांच्यावर दात खातेय. पोटच्या पोराच्या घोरण्याचा राग येतो हो माणसाला! दिवसा डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं, आणि कुणी एक शब्द बोललं की मी चार बोलायची. स्वयंपाकाच्या दोन बायका माझ्या तोंडाला कंटाळून गेल्या. इंदू माझ्यासमोरून जाताना भिंतीच्या कडेकडेने जायची.

शामकांतला मी सांगितलं, झोप येत नाही रे. त्याने काय नाही केलं! दुधात जायफळ झालं, तळपायाला तूप आणि काशाची वाटी झाली, टाळूवर ब्राह्मीचं तेल झालं. मग विष्णुपंत डॉक्टर आले. सत्तरीचा माणूस, दवाखान्यात नाडी बघता बघता डुलक्या काढतो, आणि मला म्हणतो, "काकू, या वयात झोप कमीच व्हायची. नामस्मरण करा." आणि वर पांढरी पूड दिली, झोपताना घ्यायची. ती घेतली की झोप यायची नाही, नुसती शुद्ध जायची. सकाळी उठले की जीभ जड आणि पाय लटपटत. एकदा मोरीत पडले, कोपर फुटलं. तर शामकांत काय म्हणाला असेल? "आई, आता तू उठूसुद्धा नकोस. हाक मार, इंदू येईल." डोंबल माझं!

आता मालनबाईचं सांगते. मालन आमच्याकडे भाजी घालते. अकोल्याच्या रस्त्याला दोन मैलांवर तिच्या पोरांचा मळा आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पोरं म्हणतात बैलगाडीतून जा, ही डोक्यावर पाटी घेऊन चालत येते, गावभर भाजी घालते आणि भर दुपारी आमच्या मागच्या पडवीत पाटी उशाला घेऊन आडवी होते. मांजरं भांडोत, गडी हंडे आपटोत, ही आपली गाढ. मी खुर्चीतून बघत बसायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एक दिवस मी तिला पायाने ढोसून उठवलं.

"काय गं, तुला इतकी झोप येते कुठून?"

ती डोळे चोळत बसली. "कुटून म्हंजी? पडलं की येती. तुमास्नी न्हाई येत?"

"तीन वर्षं नाही."

"आगं बया!" तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "पर काकू, तुमी दमताच कुटं? दमल्याबिगर कशी येल?"

झालं. डॉक्टरला कळलं नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं. पण माझं तरी डोकं कुठे ठिकाणावर होतं! मी तिलाच झापलं की म्हातारपणी दमायचं नसतं, विसावा घ्यायचा असतो. ती म्हणाली, "व्हय का? मला न्हाई कुनी सांगितलं." आणि पाटी उचलून गेली.

पुढे माघात तिच्या नातवाचं लग्न निघालं. शामकांत आणि इंदू टांग्याने स्टँडवर आणि तिथून मोटारीने नगरला गेले होते, कसल्याशा दाव्यासाठी, दोन दिवस. मालन बोलवायला आली आणि मी म्हटलं, चल, येते अक्षता टाकायला. दोन मैल चालत गेले. पहिल्या मैलात श्वास लागला, दुसऱ्यात पाय मोकळे झाले. तिथे बायका पाण्याच्या घागरी वाहत होत्या, मीही दोन आणल्या, कुणाचं ऐकलं नाही. मालनची सून "काकू, र्‍हाऊ द्या की" म्हणत मागे मागे, आणि मी पुढे. अक्षता टाकल्या, दिवस मावळायच्या आत चालत परत आले, दहीभात खाल्ला आणि पडले.

डोळे उघडले तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. स्वयंपाकीणबाई माझ्या नाकापुढे हात धरून उभी होती, म्हातारी गेली की आहे ते बघायला! मी बघितलं आणि मला हसू फुटलं. नवं घर झाल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा हसले असेन.

मग मी रोज निघायला लागले. सकाळी नदीपर्यंत, तिथून अकोल्याच्या रस्त्याने थोडं, आणि परत. आठ दिवस झोपले, आठ दिवस कुणावर ओरडले नाही. इंदू भिंतीची कड सोडून चालायला लागली. नवव्या दिवशी शामकांत कोर्टातून आला तो तोंड पाडून.

"आई, बाररूममध्ये मला चार लोकांनी विचारलं, मातोश्रींना घरात काही त्रास आहे का म्हणून."

"मला? मला काय त्रास?"

"रोज उन्हात एकट्या रस्त्याने फिरताना दिसतात म्हणाले. घरात टांगा परवडणारा मुलगा आणि आई पायी. कामाशिवाय आपल्यातली बाईमाणूस रस्त्याने चालते का कुठे? लोक काय म्हणतील?"

"मला चाललं की झोप येते रे."

"झोपेसाठी डॉक्टर आहेत ना! पुडी बदलून आणतो." आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाला, "माझी शपथ आहे, उद्यापासून नाही जायचं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण शपथ घातली होती. आणि खरं सांगू, लोक काय म्हणतील हे मलाही लहानपणापासून दुधातून पाजलेलं. बाईने पाणी आणायला जावं, देवळात जावं, सुइणीला बोलवायला जावं. नुसतंच पाय मोकळे करायला जाणारी बाई माझ्या आजीने बघितली नव्हती, माझ्या आईने बघितली नव्हती. शामकांतने तरी कुठून बघावी?

देवळात जावं, हे मात्र डोक्यात राहिलं. नदीकाठी दत्ताचं देऊळ आहे आणि त्याच्या अंगणात पार बांधलेला मोठा औदुंबर आहे. गुढीपाडव्याला मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, मी औदुंबराला लाख प्रदक्षिणा घालणार. माझा संकल्प आहे. शामकांतने डोळे भरून माझ्याकडे बघितलं. तोच शामकांत! रस्त्याने चालले तर बदनामी, आणि झाडाभोवती चालले तर डोळ्यांत पाणी. बाररूममध्ये त्याने पेढे वाटले.

रोज तीनशे घालायची. तीनशे चिंचोके कनवटीला, एक प्रदक्षिणा की एक चिंचोका पारावर. हिशेब बघाल तर दोन कोसांच्या वर चालणं व्हायचं. पहिल्या दिवशी मी हात जोडून झाडाला सांगितलं, "बाबा, तुला ठाऊक आहे मी का आलेय ते. रागावू नकोस. मला दुसरी वाट ठेवलेली नाही." सात महिने मी चालले. पावसाळ्यात पार शेवाळला तर अंगणाच्या कडेने चालले. झोप अशी लागायची की पडल्या कुशीवर सकाळ व्हायची. पुड्या मी मोरीत ओतल्या. भूक लागायला लागली, कोपर बरं झालं, मी इंदूला भरल्या वांग्याची माझी तऱ्हा शिकवली, आणि आम्ही दोघी एकदा चक्क ओव्या म्हणत बसलो होतो. सून माझी वाईट नाही हो. तीन वर्षं तिला माझ्याशी बोलायला फटच मिळाली नव्हती.

दिवाळीच्या पाडव्याला शामकांतने मला ओवाळायला बसवावं तसं पाटावर बसवलं. शेजारी नृसिंहभट उभा. हा आमचा उपाध्याय, पन्नाशीचा, पोट पुढे, करपट ढेकर आणि झोप येत नाही ही तक्रार कायम ओठांवर.

"आई," शामकांत म्हणाला, "तुझे पाय बघवत नाहीत मला. टाचांना भेगा पडल्यात. साठ हजार केल्यास, पुष्कळ झाल्या. उरलेल्या चाळीस हजार तुझ्या वाटच्या नृसिंहभटजी घालतील. शास्त्राधार आहे त्याला. चालणार ते, फळ तुझं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"नको रे," मी म्हटलं. "माझ्या मीच घालीन."

नृसिंहभट हसला. "काकू, मी आज सकाळीच तुमच्या नावे संकल्प सोडला. आता तुम्हीही घालाल तर ते दुबार होईल, व्रतात दोष यायचा. तुम्ही निवांत बसा. मी रोज नऊशे घालीन, दत्तजयंतीला उद्यापन करू."

बसा! जो तो मला बसवायला टपलेला. पण बोलू काय? बोलायचं तर म्हणायला हवं होतं की बाबांनो, पुण्य नकोय मला, मला पाय हलवायचे आहेत, मी तुमच्याशी आणि दत्ताशी खोटं बोलले. सात महिने गावभर माझ्या व्रताचा गाजावाजा झालेला. पेढे वाटलेले. मुलाचं तोंड आनंदाने फुललेलं. आणि मनात भीतीही होती, नाही म्हणत नाही. देवाला मधे घालून खोटं बोललेली बाई मी. मी गप्प बसले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

चौथ्या दिवशी झोप गेली.

आठव्या दिवशी मी देवळात जायचं म्हटलं. टांग्यातून हो, पायी नाही, व्रतात दोष यायचा ना! सकाळचे दहा वाजले असतील. बघते तर पारावर माझ्या चिंचोक्यांच्या जागी नृसिंहभट उताणा पडलेला, उपरणं तोंडावर, आणि घोरतोय असा की पारावर चिमणी बसायला धजेना. मी खाकरले. तो धडपडत उठला, मला बघून लाजला आणि मग भाबडेपणाने म्हणाला,

"काकू, तुमच्या व्रताचा प्रताप बघा! दहा वर्षं डोळ्याला डोळा नव्हता माझा. आता पाठ टेकली की गेलो. पित्त गेलं, ढेकर गेले. फळ तुमचंच, पण थोडं माझ्याही पदरात पडलं म्हणायचं."

थोडं? माझी अख्खी झोप तो झोपत होता!

त्याच्यावर ओरडून काय उपयोग होता? तो बिचारा चालला म्हणून झोपला. घरी आले, खुर्चीत बसले, आणि दुपारी ताटात आमटी अळणी निघाली. मी वाटी भिरकावली आणि ओरडले. स्वयंपाकीणबाईला, इंदूला, इंदूच्या माहेरच्यांना, तोंडाला येईल ते. आणि ओरडता ओरडता मी मधेच थांबले. तो आवाज माझा नव्हता. तो माझ्या सासूबाईंचा होता.

आता हे सांगायला मला जड जातं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या सासूबाई कामाच्या फार कणखर. मी अंगात जोर आल्यावर त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. भक्तीने हो, अगदी भक्तीने. "सासूबाई, तुम्ही बसा. मी असताना तुम्ही का वाकायचं?" त्यांच्या हातातून जात्याचा खुंटा मी ओढून घेतलाय. आळीतल्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. वर्षभरात सासूबाईंची झोप गेली. रात्रंदिवस फेऱ्या घालायच्या, भांडायच्या, दुपारी उठून दाराकडे धावायच्या. म्हणायच्या, "मला नदीवर जाऊ दे गं, मला धुणं दे." आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. वैद्याने अफूची गोळी दिली. मी खोलीचं दार ओढून घ्यायची आणि बाहेरून कडी धरून बसायला सात वर्षांच्या शामकांतला सांगायची. पाच वर्षं अशी काढली त्यांनी. मग गेल्या.

त्यांनी धुणं मागितलं होतं. एवढंच मागितलं होतं. आणि मी दिलं नाही, कारण मला चांगली सून व्हायचं होतं.

दत्तजयंतीपर्यंतचे पाच आठवडे मी त्या खुर्चीत कसे काढले ते माझं मला ठाऊक. डॉक्टरची पुडी पुन्हा सुरू झाली. राग राग राग नुसता. शामकांतचा राग, भटाचा राग, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एकच गोष्ट पक्की कळली होती. मी गप्प राहिले तर माझ्याही खोलीची कडी कुणीतरी धरून बसणार, आणि तेही मायेने.

उद्यापनाला अंगणात मांडव होता. पाट मांडलेले, केळीची पानं वाढलेली, बाररूममधले झाडून सगळे वकील, आळीतल्या बायका. मालनबाई भाजीची पाटी उतरवून मांडवाच्या खांबाशी उकिडवी बसली होती. नृसिंहभटाने पळीत पाणी घेतलं. त्याचं पोट चांगलं चार बोटं आत गेलं होतं.

"काकू, हात पुढे करा. लक्ष प्रदक्षिणांचं फळ तुमच्या हातावर सोडतो."

मी हात पदराखाली घेतला. "नको मला."

"काय नको?"

"फळ. ते तुम्हाला पोचलंय नृसिंहभटजी, तुम्ही रोज घोरताय ते. मला जे हवं होतं ते पळीतून येत नाही."

शामकांत वाकून कुजबुजला, "आई, काय बोलतेस? लोक बसलेत."

"बसू देत. ऐकू देत." मी उठून उभी राहिले. "मी व्रत धरलं ते झोपेसाठी. मला चालायचं होतं आणि तू शपथ घातलीस. म्हणून दत्ताला मधे घातला. खोटं बोलले मी. शिक्षा करायची ती तो करील, तुम्ही जेवा."

"देवाला फसवलंस?" शामकांत म्हणाला.

"देवाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. फसवलं ते तुला."

"अगं, मग मला सांगायचंस!"

याच्यावर माझा बांध फुटला. "सांगायचंस? तीन वर्षं सांगत होते! झोप येत नाही म्हटलं तर पुडी आणलीस. पडले तर उठू नको म्हणालास. चालले की झोप येते म्हटलं तर शपथ घातलीस. माझं चालणंसुद्धा भटाला दिलंस, शामकांता! उद्या माझं जेवण कुणाला देशील? तो जेवेल आणि पोट माझं भरेल?"

मालनबाई खांबाशी खुदकन हसली आणि तोंडाला पदर लावला. बाकी कुणी हसलं नाही.

"आजी आठवते तुला?" मी म्हटलं.

त्याने मान हलवली.

"दाराची कडी कोण धरायचं?"

त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, कोर्टात बोलायला उभा राहिला की समोरचा वकील चळचळा कापतो, तो माझ्यासमोर सात वर्षांचा झाला.

"मी," तो म्हणाला.

"मी सांगायची तुला धरायला. तुझी चूक नाही, माझी आहे. म्हातारी नदीवर जाऊ दे म्हणत होती आणि मी तिला अफू चारली. सगळा गाव मला चांगली म्हणत होता, आज तुला म्हणतो तसाच. आता मी तुला नदीवर जाऊ दे म्हणतेय. धरायची असेल तर धर कडी."

एवढं बोलून मी मांडवातून निघाले. चार माणसं वाट अडवायला उठली असतील, पण मालनबाई उठून माझ्या बाजूला आली आणि कुणी पुढे झालं नाही. अकोल्याच्या रस्त्याने आम्ही दोघी तिच्या मळ्यापर्यंत गेलो. वाटभर मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला, शामकांतला उद्देशून, तो तिथे नसताना. मालन नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती. विहिरीवर पाणी प्यायले, एक पेरू खाल्ला, आणि दिवस मावळताना परत आले. मांडव उतरलेला होता. घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, मीही नाही. शामकांतला अजून काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव करतच मी अंथरुणावर टेकले.

सकाळी इंदू चहा घेऊन आली. डोळे सुजलेले.

"सासूबाई, काल तुम्ही पडल्यावर हे आले होते. तासभर उशाशी बसले होते."

"कशाला?"

"बोलायचं होतं तुमच्याशी. चार वेळा घसा साफ केला. पण तुम्ही घोरत होतात."

"मग उठवायचं नाही का मला?" मी तावातावाने उठून बसले. "अर्धं बोलायचं राहिलंय मला त्याला!"

"मी उठवत होते. यांनी माझा हात धरला." इंदूने पदराने नाक पुसलं. "म्हणाले, राहू दे. आजीला मी एकदाही झोपलेली पाहिली नाही."

चहाची कपबशी मी खाली ठेवली. मग कोपऱ्यातलं कालचं धुणं उचललं, काखेत मारलं आणि नदीवर गेले.